बाबांना ‘दशावतार’ आवडला, मला नाही, आता घरात सिनेमाचा विषयच बंद झालाय

ताई नमस्कार. मी डोंबिवलीत आईबाबांसोबत राहतो, वय २९, नोकरी आयटीत. सिनेमा म्हणजे माझा जीव की प्राण, आठवड्याला दोन तरी होतातच, आणि प्रत्येक पिक्चर बघून आलो की एका वहीत मत लिहितो आणि पाचपैकी स्टार देतो. २०२५ च्या सप्टेंबरात पाठोपाठ ‘दशावतार’ आणि ‘साबर बोंडं’ बघितले. ‘दशावतार’ला बाबांना घेऊन गेलो होतो, ते मूळचे कुडाळकडचे, रिटायर झाल्यापासून थिएटरला फारसे येत नाहीत. पिक्चर संपला तेव्हा ते डोळे पुसत होते आणि मी सरकत्या जिन्यावरच सुरू केलं की सेकंड हाफ गंडलाय, व्हीएफएक्स कच्चे आहेत, मेसेज डायलॉगमधून कोंबलाय, अडीच स्टार. बाबा एवढंच म्हणाले, ‘तुका काय कळता त्यातला?’ नंतर रिक्षात एक शब्द नाही. पुढच्या आठवड्यात ‘साबर बोंडं’ला चला म्हटलं तर म्हणाले, तुझे पिक्चर तू बघ. मग मित्राला नेलं, तर तो अर्ध्या तासात झोपला आणि बाहेर येऊन मलाच म्हणतो की तू शहाणपणा दाखवायला असले पिक्चर आवडून घेतोस. आईचं म्हणणं, मराठी पिक्चर आधीच चालत नाहीत, आपण तरी चांगलं बोलावं. आता तुम्हीच सांगा, मी खोटं बोलायला शिकू का? मराठी म्हणून स्टार वाढवून द्यायचे का? आणि बाबांशी परत कसं बोलू, सिनेमाचा विषय निघाला की ते टीव्हीचा आवाज वाढवतात.
एक सिनेमावेडा, डोंबिवली

मित्रा,

खोटं बोलायला अजिबात शिकू नकोस. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तुला वाटायला नको की ताईपण शेवटी ‘जाऊ दे ना, मोठ्यांचं मन राखावं’ याच्यावर आली. आठवड्याला दोन पिक्चर बघून वही भरणारा मुलगा उगाच काहीतरी फेकत नसतो, तुझं मत तू कमावलेलं आहेस. आणि सेकंड हाफबद्दल म्हणशील तर मलाही ते बऱ्यापैकी पटतं. पहिल्या भागात माणसं कशी निवांत उलगडत होती, त्यांचं घर, त्यांचं बोलणं, ती नंतर सूडाच्या कथेमागे फरफटत जातात, आणि जमिनीचा, खाणीचा जो मुद्दा नुसता तो निसर्ग बघूनच पोटात कालवत होता तो परत परत बोलून दाखवला जातो. मला तिथे थोडी कात्री हवी होती. हे मी कोणालाही सांगेन, बनवणाऱ्यांनी विचारलं तर त्यांनाही.

पण तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला एक गोष्ट खटकली, ती स्पष्टच बोलते. ‘दशावतार’बद्दल तू सेकंड हाफ लिहिलायस, व्हीएफएक्स लिहिलेत, डायलॉग लिहिलेत, स्टार लिहिलेत आणि बाबुली मेस्त्रीचं, त्यातल्या मुख्य पात्राचं, नावसुद्धा घेतलेलं नाहीस. अरे दिलीप प्रभावळकर! पिक्चर आला तेव्हा वय वर्षं ८१. त्या वयात तो माणूस जंगलात धावतो, रंग लावून उभा राहतो, आणि मला तर त्याहून जास्त लक्षात राहिलं ते त्यांचं घरातलं साधं बसणं, नजर अधू होत चाललेल्या माणसाचं ते चाचपत वस्तू शोधणं आणि कोणाला कळू नये म्हणून सहज केल्यासारखं दाखवणं. ते अख्खं काम तुझ्या हिशोबातच आलं नाही आणि कच्चे ग्राफिक्स मात्र आले.

जरा आठव पिक्चर कशाबद्दल आहे. एक म्हातारा होत चाललेला दशावतारी नट आहे, म्हणजे कोकणातल्या दशावतार या लोकनाट्यातला, डोळे साथ देत नाहीयेत, मुलगा जिवापाड प्रेम करणारा आहे आणि काळजीपोटीच मागे लागलाय की बाबा आता पुरे, थांबा. आणि बापाला थांबवत नाही, कारण ते सोडलं तर मागे काय उरतं हे त्याला कळत नाही. पहिला सगळा भाग या दोघांचा आहे. आणि हे तू कोणाच्या शेजारी बसून बघत होतास? रिटायर झाल्यापासून थिएटरला फारसे न जाणाऱ्या आपल्या वडिलांच्या. ते रडले ते नुसतं कोकण दिसलं म्हणून रडले असं मला नाही वाटत.

कोकणाचंही आहेच म्हणा. तू डोंबिवलीत वाढलास, जत्रांचा मोसम सुरू होतो कार्तिकात, तेव्हा शाळा चालू असणार, म्हणजे तू खरा दशावतार रात्रभर बसून बघितला असण्याची शक्यता कमीच. देवळासमोरची मोकळी जागा, मागे एक पडदा आणि एक लाकडी बाकडं, संपलं नेपथ्य. तेच बाकडं राजाचं सिंहासन, तेच रथ, तेच डोंगराचा कडा. बाजूला पेटी, मृदुंग आणि झांज. आधी आडदशावतार होतो, त्यात गणपती येतो, रिद्धिसिद्धी येतात, संकासुर येऊन पोराटोरांना हसवतो आणि घाबरवतोही, आणि मग मध्यरात्रीकडे मुख्य आख्यान लागतं. संवाद कोणी लिहून दिलेले नसतात, कथा काय आणि कोणाची भूमिका कुठली एवढं आधी ठरतं, बाकी सगळं तिथल्या तिथे, समोरच्याने टाकलेलं वाक्य उचलायचं आणि पुढे न्यायचं. बायकांची कामं पुरुषच करतात, रंग ज्याचा त्याने लावायचा, आणि पहाटे दहीकाल्याने शेवट, म्हणून जुनी माणसं या खेळाला धयकालोच म्हणतात. आणि सकाळी हाच रात्रीचा इंद्र किंवा रावण सामानाचं ओझं उचलून पुढच्या गावाला चालायला लागायचा. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ असं तिकडे म्हणतात ते काही उगाच नाही.

आता लहानपणी हे बघितलेला माणूस तुझ्या शेजारी बसलाय. ज्याने बाकड्याला रथ मानलंय त्याला व्हीएफएक्स कच्चे आहेत हे दिसलं नसेल असं समजू नकोस, दिसलं असेल, पण त्याचं काही अडलं नाही. त्याला सवय आहे, समोर थोडं दाखवलं की उरलेलं आपण भरायचं. तू मल्टिप्लेक्समध्ये वाढलायस, तुला सगळं पडद्यावरच पूर्ण हवं असतं. दोघांनी एकच पिक्चर बघितला आणि दोघांना वेगळं दिसलं, आणि यात भांडण होण्यासारखं काहीच नव्हतं जर तू सरकत्या जिन्यावर निकाल जाहीर केला नसतास तर.

म्हणून पुढच्या वेळी एवढं कर. पिक्चर संपला आणि शेजारचा माणूस डोळे पुसत असेल तर त्याला आधी बोलू दे. नसेल बोलायचं तर गप्प चाला दोघं, चहा प्या. आणि तू तोंड उघडशील तेव्हा आधी विचार, ‘तुम्हाला काय आवडलं त्यात?’ आणि मग खरंच ऐक, मधेच ‘हो पण’ करू नकोस. त्यांचं ऐकून झाल्यावर तुझं मत दे ना, पूर्ण दे, सेकंड हाफ सैल आहे म्हण, डायलॉग जास्त आहेत म्हण. मला खात्री आहे की तेव्हा ते वाद घालतील, चिडतीलही, पण टीव्हीचा आवाज नाही वाढवणार.

आता ‘साबर बोंडं’. याबद्दल तुझ्याशी बोलायला मला खरंच आवडेल, कारण २०२५ मध्ये बघितलेल्यातला माझा सगळ्यात जवळचा पिक्चर तो आहे. रोहन परशुराम कानवडेचा. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक सिनेमाच्या कथापट विभागात ग्रँड ज्युरी प्राइज मिळालं, आणि तिथे पोचलेला तो पहिलाच मराठी कथापट. पण मला बक्षिसापेक्षा आवडलं ते हे की वडील गेल्यावर दहा दिवसांच्या विधींसाठी गावी आलेला आनंद, मुंबईत कॉल सेंटरला काम करणारा, त्याच्या भोवती नातेवाइकांची ती कुजबुज, हे खायचं नाही, ते घालायचं नाही, आणि सुतकातसुद्धा लग्नाचं कधी बघतोस हा प्रश्न, हे सगळं इतकं ओळखीचं आहे की आपल्याच कुठल्यातरी काकाच्या दहाव्याला बसल्यासारखं वाटतं. आणि त्यातच लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो आणि त्या दोघांमधलं प्रेम कसलाही गाजावाजा न करता समोर येतं. आई मुलाच्या पाठीशी उभी आहे, तेही भाषण न देता. दिग्दर्शकाचे स्वतःचे वडील गेले तेव्हाच्या दिवसांतून ही गोष्ट सुचलेली आहे आणि ते जाणवतं, एवढे बारीक तपशील कल्पनेने नाही सुचत. कॅमेरा एका जागी ठेवलेला, पार्श्वसंगीताने ‘आता इथे रडा’ असं सांगणं नाही.

तुझा मित्र झोपला. झोपू दे की! तो दिवसभर राबून आला असेल. पण तू त्याला नेताना काय सांगितलं होतंस? मला वाटतं ‘सनडान्सला बक्षीस मिळालंय’ एवढंच सांगितलं असशील, आणि बक्षीस ऐकलं की माणसाला वाटतं काहीतरी दणदणीत होणार, आणि मग समोर एक माणूस दोन मिनिटं नुसता ओट्यावर बसलेला दिसला की तो वाट बघून बघून पेंगतो. त्याऐवजी आधी सांगायचं होतंस की हा हळू चालणारा आहे, बाप गेलेल्या मुलाचे दहा दिवस आहेत, आणि दोन मुलांची प्रेमकथा आहे. मग त्याने यायचं की नाही ते ठरवलं असतं.

आणि कुठल्याही पिक्चरबद्दल सांगताना ‘सिनेमॅटोग्राफी भारी आहे’, ‘लेयर्ड आहे’ असलं बोलू नकोस, त्याने कोणालाच काही कळत नाही. एखादा प्रसंग सांग. ‘फँड्री’ आठव. जब्याचं कुटुंब गावातलं डुक्कर पकडायला धावतंय, चिखलातनं, काट्यातनं, सगळं गाव मजा बघतंय, अगदी हाताशी आलंय डुक्कर, आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि ही माणसं आहेत तिथेच ताठ उभी राहतात. डुक्कर मात्र चालतच राहतं. बस, एवढं सांगितलं तरी ज्याने पिक्चर बघितला नाही त्याच्या अंगावर काटा येतो, आणि तू जातीबद्दल, देशाबद्दल एक शब्द बोललेला नसतोस. मी असं सांगून कितीतरी जणांना तो पिक्चर बघायला लावलाय, पाचपैकी किती हे कोणी विचारलंच नाही.

शहाणपणा दाखवतोस असं तुझा मित्र म्हणाला, तर मला नाही तसं वाटत, तुला तो पिक्चर खरंच आवडलाय हे तुझ्या पत्रात दिसतं. फक्त एक कर, गर्दीचे पिक्चर आणि चांगले पिक्चर असे दोन कप्पे डोक्यात करून ठेवले असशील तर ते काढून टाक. ‘सैराट’ २०१६ मध्ये आधी बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि मग इथे लोक थिएटरमध्ये उठून नाचले, पिक्चर एकच. आणि ज्या लोकांनी झिंगाटवर शिट्ट्या मारल्या तेच शेवटच्या दोन मिनिटांत, आवाज पूर्ण बंद आणि त्या लहानग्याची पावलं, श्वास रोखून बसले होते. प्रेक्षकाला कमी समजू नये रे, त्याला सगळं कळतं.

आईचा मुद्दा राहिला, आणि तो मी हसण्यावारी नाही नेणार, कारण त्यामागे खरी कळकळ आहे. मराठी पिक्चरची स्थिती तुला माहितीये. २०२५ मध्ये १२ सप्टेंबरला एकाच शुक्रवारी ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ असे तीन मराठी पिक्चर एकमेकांसमोर आले, आणि शोज आधीच मोजके असताना त्यांनी ते आपापसात वाटून घ्यायचे, वर हिंदी इंग्रजी आहेतच. मल्टिप्लेक्समध्ये प्राइम टाइमला मराठी लावलाच पाहिजे असं सरकारने २०१५ मध्ये ठरवलं, आधी म्हणाले संध्याकाळी ६ ते ९, मग आरडाओरडा झाला तेव्हा दुपारी १२ ते रात्री ९ केलं, म्हणजे दुपारी साडेबाराचा शो लावला की झालं काम! नोकरी करणारा माणूस मंगळवारी दुपारी साडेबाराला कुठून जाणार? आणि पहिल्या तीन दिवसांत गर्दी दिसली नाही की सोमवारपासून उरलेले शो पण जातात. मला या गोष्टीचा फार त्रास होतो, चांगले पिक्चर असे बघता बघता उतरलेत.

पण यावर उपाय म्हणजे वाईटाला चांगलं म्हणणं नाही. तू उपाय आधीच करतोयस की, तिकीट काढून जातोयस, बाबांना नेतोयस, मित्राला नेतोयस. पहिल्या शनिवार-रविवारी जायचं आणि घरच्यांना न्यायचं, ही खरी मदत. बोलायचं मात्र खरं. १९५४ साली ‘श्यामची आई’ला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं आणि त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीला थेट २००४ मध्ये ‘श्वास’साठी मिळाला, मधे पन्नास वर्षं गेली. मग २०१२ मध्ये ‘देऊळ’ला विभागून आणि २०१५ मध्ये ‘कोर्ट’ला मिळाला. ही माणसं मराठी म्हणून सवलत मागत नव्हती, आणि आपण ती दिली तर उद्या तेवढीच मेहनत करणाऱ्याला आपण काय वेगळं सांगणार? एक स्टार वाढवून दिलास की पुढच्या वेळी तुझ्या चार स्टारना काही अर्थ राहत नाही, तुझ्या शब्दावर तिकीट काढणारा एकदा फसला की परत मराठीकडे फिरकत नाही.

आईला तू ‘स्थळ’ दाखवलास का? नसशील तर दाखव. जयंत दिगंबर सोमलकरचा, २०२५ च्या मार्चमध्ये लागला होता, चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावची सविता, कॉलेजला जाणारी, आणि घरात एकामागून एक बघायला येणारी मंडळी. गावातल्याच, कॅमेऱ्यासमोर कधी उभं न राहिलेल्या माणसांनी कामं केलीयेत. तेच पोहे, तेच खाली मान घालून बसणं, नाव काय, उंची किती, शिक्षण काय, आणि परत पुढचं स्थळ, परत तेच. तुला कदाचित ते रिपीट वाटेल, म्हणशील एडिटिंगमध्ये कापायला हवं होतं. आईला विचार. ज्या बाईने स्वतः असं बसून उत्तरं दिलीयेत तिला ते रिपीट होणं काय असतं हे तुझ्यामाझ्याहून जास्त माहीत असणार, आणि ती काय सांगेल ते तुझ्या वहीत लिहून ठेवण्यासारखं असेल.

वहीवरून सांगते. वही बंद करू नकोस, छान सवय आहे ती. फक्त स्टार द्यायच्या आधी एक प्रसंग लिही, जो घरी आल्यावरही डोळ्यांसमोर आहे. आणि ज्याच्यासोबत गेला होतास तो काय म्हणाला ते एका ओळीत खाली लिही, पटो न पटो. ‘दशावतार’च्या पानावर बाबांसाठी जागा सोड.

आता बाबांशी कसं बोलू. माफीबिफीचं मोठं प्रकरण करू नकोस, त्या पिढीला ते अवघड जातं, ते उठून आतच जातील. सरळ विचार, बाबा, तुमच्या गावाला दशावताराची कुठली कंपनी यायची? मोचेमाडकर की पार्सेकर की खानोलकर? संकासुराला घाबरायचात का? स्त्री पार्ट कोण चांगला करायचं? ही माहिती तुला मनापासून हवी आहे असं त्यांना दिसलं ना, की ते आपोआप सुरू होतील, आणि एकदा मालवणी माणूस दशावतारावर बोलायला लागला की रात्रीचे बारा वाजले तरी थांबत नाही. आणि जमलं तर या मोसमात दोन दिवस रजा टाकून त्यांना गावी घेऊन जा. सावंतवाडीजवळ सोनुर्लीला माउलीची लोटांगणाची जत्रा त्रिपुरी पौर्णिमेच्या पाठोपाठ असते, ती नाही जमली तर तुमच्या कुडाळकडच्या कुठल्याही गावची बघ, तारखा गावातूनच कळतील, पुढे कितीतरी आठवडे रोज कुठे ना कुठे खेळ असतो. रात्रभर बस त्यांच्यासोबत. थंडी असते, शाल ने.

पिक्चरचं म्हणशील तर लगेच ‘साबर बोंडं’चा हट्ट धरू नकोस. आधी घरी ‘किल्ला’ लावा. अविनाश अरुणचा, बर्लिनच्या महोत्सवात क्रिस्टल बेअर पुरस्कार मिळालेला, तोही शांत चालीचा आहे पण कोकणातला पाऊस आहे, पोरांचा दंगा आहे, पार्थ भालेराव आहे, अमृता सुभाष आहे, वडील गेल्यानंतर बदलीच्या गावात आलेला मुलगा आहे, आणि त्या भर पावसात किल्ल्यावर एकट्या राहिलेल्या पोराचा प्रसंग कोकणातल्या माणसाला तर फारच भिडेल. बाबांना तो आवडला की मग एखाद्या रविवारी ‘साबर बोंडं’चं नाव काढ, आणि काय आहे ते आधीच नीट सांग, दोन मुलांच्या प्रेमाचं आहे हेसुद्धा, लपवू नकोस. ते नाही म्हणाले तर नाही, पण विचार नक्की. रिमोट त्यांच्याच हातात दे, मधे थांबवून काही बोलायचं असेल तर त्यांना बोलू दे, आणि काय काय म्हणाले ते मला कळव, मला खरंच वाचायचंय.

तुझी,
ताई